रोजचं धरायचं का?



आज आगमनकाळाचा चौथा रविवार. वेदीजवळची चौथी मेणबत्ती पेटली. घरोघरी करंज्या-चिवड्याचा वास सुटला आहे, दारावर चांदण्या लागल्या आहेत, आणि परभणीची थंडी नेहमीप्रमाणे कृषी विद्यापीठातल्या तापमानाच्या आकड्याने रोज पेपरात झळकते आहे. दर वर्षी या रविवारी आम्ही नाताळच्या आध्यात्मिक तयारीविषयी चार शब्द लिहितो. या वेळी उपदेश बाजूला ठेवून, गेल्या आठवड्यात प्राथमिक शाळेच्या दुसरीच्या वर्गात जे घडले ते सांगणार आहोत. त्यात चूक झाली ती आमच्याकडूनच झाली.

शाळेत ख्रिस्तजन्माचा देखावा करण्यासाठी आपल्या धर्मग्रामातले आम्ही चौघे-पाच जण दर वर्षी जातो. या वर्षी आम्हाला एक कल्पना सुचली. तशी ती नवी नाही, जगभरच्या कॅथलिक घरांत आणि शाळांत ही प्रथा आहे. रिकामी गव्हाणी वर्गात ठेवायची. मुलाने एक चांगले काम केले की त्याने तिच्यात गवताची एक काडी टाकायची. नाताळपर्यंत गव्हाणी भरली की बाळ येशूसाठी मऊ अंथरूण तयार! वर्गात ख्रिस्ती मुले मोजून पाच. बाकीची हिंदू, मुस्लिम, बौद्ध घरांतली. पण चांगले काम कोणालाही करता येते, त्याला बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही, म्हणून वर्गशिक्षिकेनेही आनंदाने होकार दिला.

पहिली अडचण गवताची आली. चित्रातल्या गव्हाणीत भाताचा पिवळाजर्द पेंढा असतो. आपल्याकडे तो कुठून आणायचा? आपला जिल्हा ज्वारीचा, कापसाचा, सोयाबीनचा. एका मुलाच्या वडिलांनी कडब्याची पेंढी आणून दिली. कडब्याची धांडे जाड, तेव्हा आम्ही त्याची पाने सोलून काढली, बांधावरचे वाळलेले गवत कापून त्यात घातले आणि सगळ्याच्या वीतभर लांबीच्या काड्या केल्या. गव्हाणी म्हणून द्राक्षाची लाकडी पेटी.

सोमवारी वर्गात गेलो तेव्हा गणिताचा तास चालू होता. दुसरीत दशक-एकक शिकवतात ते काड्यांनीच. दहा सुट्ट्या काड्या झाल्या की रबर लावून एक गठ्ठा बांधायचा, तो एक दशक. चार गठ्ठे आणि तीन सुट्ट्या म्हणजे त्रेचाळीस. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशाही वाचायला दिल्या, तेव्हा राज्यभर केवढी चर्चा झाली होती! नाव काहीही घ्या, मुलाला संख्या कळते ती हातात गठ्ठा आल्यावर.) तेव्हा काड्या, दहा आणि गठ्ठा या तिन्ही गोष्टी मुलांच्या डोक्यात ताज्या होत्या. त्यावर आम्ही जाऊन सांगितले की, एक चांगले काम, एक काडी.

मंगळवारी सकाळी मुलांनी स्वतःहून पेटीतल्या काड्या बाहेर काढल्या, मोजल्या, रबर लावले आणि गठ्ठे पुन्हा आत ठेवले. शिक्षिकेने फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहिला. आम्ही कौतुकाने टाळ्या वाजवल्या. आता वाटते, त्या टाळ्या नसत्या वाजवल्या तर बरे झाले असते.

बुधवारपर्यंत खिडकीकडची रांग आणि दाराकडची रांग अशा दोन फौजा झाल्या होत्या. एका मुलाने शेजाऱ्याला पेन्सिल दिली, शेजाऱ्याने ती परत दिली, त्याने पुन्हा दिली. प्रत्येक खेपेला एक काडी. एकाने खोडरबर मुद्दाम खाली टाकले, मित्राने उचलून दिले, आणि दोघांनीही काडी घेतली. एकाने टाकण्याची, दुसऱ्याने उचलण्याची! मधल्या सुट्टीत डबा वाटून खाणारे डब्यातली चपाती चार तुकड्यांत वाटू लागले, कारण तुकडे चार तर काड्याही चार. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. “टीचर, यानं काहीच केलं नाही, नुसती काडी टाकली.” दोघांची झटापट झाली, एक रडला, एकाने त्याचे डोळे पुसले आणि डोळे पुसण्याची काडी टाकून आला.

हे सांगताना हसू येते, त्या दिवशी मात्र आले नाही. शेजारच्या मुलाला सहज पेन्सिल देणारा हा वर्ग. आम्ही जाण्याआधीही ती मुले देतच होती, फक्त मोजत नव्हती.

गुरुवारी शिक्षिकेने आमच्या कानावर घातले की एका मुलीने आठवडाभरात एकही काडी टाकलेली नाही. आम्हाला वाटले, लाजते आहे. मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावून विचारले, “काय ग, तू का नाही टाकलीस?” ती काही बोलेना. मग हळूच म्हणाली, “रोजचं धरायचं का?”

आम्हाला प्रश्न कळला नाही. मग हळूहळू उलगडले. आई कापूस वेचायला जाते. ही सकाळी नळाचे पाणी भरते, धाकट्या भावाला अंघोळ घालते, त्याला अंगणवाडीत सोडून मग शाळेत येते. ते रोजचेच. तिच्या लेखी ते ‘चांगले काम’ नव्हतेच, ते नुसते काम होते. आम्ही घाईने म्हणालो, “धर की! तेही चांगलंच काम आहे.” तिने थोडा विचार केला आणि विचारले, “मग किती टाकू?”

बंधुभगिनींनो, आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. एका अंघोळीची एक काडी? आणि गेल्या वर्षाच्या अंघोळी? पाण्याच्या प्रत्येक कळशीची वेगळी? जिने खरोखर केले तिची पेटी रिकामी, आणि खोडरबर पाडणाऱ्याची भरलेली. अशी ही मोजणी आम्हीच त्या वर्गात नेली होती.

हा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो आणि अजून तो सुटलेला नाही. चांगुलपणा मोजता येतो का? आणि मोजू नये म्हटले, तर लहान मुलांना तो शिकवायचा कसा?

आम्ही पवित्र शास्त्र उघडले. लूकच्या सतराव्या अध्यायात प्रभू येशू शेतातून दमून आलेल्या चाकराचे उदाहरण देतो. सांगितलेले सगळे करूनही त्या चाकराने म्हणायचे ते एवढेच, की आम्ही आमचे कर्तव्य तेवढे केले. हा उतारा वाचताना आम्हाला नेहमीच जरा टोचायचे. इतके राबल्यावर शाबासकीसुद्धा नाही? त्या मुलीचे ‘रोजचं’ ऐकल्यावर तो पहिल्यांदा वेगळा वाटला. ती स्वतःला तुच्छ समजत नव्हती, कष्टी तर मुळीच नव्हती. भावाला अंघोळ घालणे ही हिशेबात धरायची गोष्ट आहे, हे तिच्या मनात आलेच नव्हते.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या दिवशीही हेच घडते. उजवीकडच्यांना राजा सांगतो की मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिले. तेव्हा ते आश्चर्याने विचारतात, प्रभू, आम्ही केव्हा दिले? त्यांच्याजवळ वही नाही. डावीकडचेही तोच प्रश्न विचारतात, फक्त उलट्या बाजूने, की आम्ही केव्हा दिले नाही? त्यांच्याजवळ मात्र वही असावी असा आम्हाला संशय आहे. तिच्यात त्यांनी काय काय केले ते सगळे लिहिलेले असेल आणि त्यात भुकेल्याचे पान नसेल. हे शास्त्रात लिहिलेले नाही, हा आमचा तर्क आहे.

पण हे एवढ्यावर सोडून दिले तर ते प्रामाणिक होणार नाही, कारण दुसऱ्या बाजूला एक मोठी साक्ष उभी आहे. बाळ येशूची संत तेरेजा आपल्या सर्वांची लाडकी. १८७३ साली फ्रान्समध्ये ती जन्मली, आणि तीन-चार वर्षांची असताना तिच्या खिशात मण्यांची एक माळ असे. मनाविरुद्ध एखादे चांगले काम केले की ती एक मणी पुढे सरकवी. म्हणजे आपली काडीच! पुढे १८८४ साली प्रथम ख्रिस्तशरीराची तयारी करताना तिच्या बहिणीने, पोलीनने, तिला एक छोटी वही करून दिली, तीत ती आपले रोजचे छोटे त्याग नोंदवत असे. मोजणीने तिचे काही बिघडले नाही, ती संत झाली. १९९७ साली पोपमहोदयांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केले.

मग आम्ही चुकलो कुठे? याचे उत्तरही तेरेजाजवळच आहे असे वाटते. ९ जून १८९५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, तिने स्वतःला देवाच्या दयाळू प्रेमाला वाहून घेतले. त्या अर्पणपत्रात ती देवाला सांगते की आयुष्याच्या संध्याकाळी मी तुझ्यापुढे रिकाम्या हातांनी येईन, माझी कृत्ये मोजू नकोस. मणी मोजणारी मुलगी बावीस वर्षांची होईपर्यंत रिकाम्या हातांपर्यंत पोहोचली होती. आणि मणी मोजत होती तेव्हाही ते तिच्या खिशात होते. त्यांचा आकडा कोणी फळ्यावर लिहीत नव्हते, शेजारच्या रांगेच्या मण्यांशी त्यांची तुलना होत नव्हती. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे प्रभूचे सांगणे आपण पाठ म्हणतो, आणि पहिल्याच संधीला फळा शोधतो.

शिक्षकांचीही यात कोंडी आहे, हे वर्गात बसल्यावर कळले. आपल्या राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात. त्यातली एक नेहमीची नोंद म्हणजे ‘इतरांना मदत करतो’. नोंदवहीत त्या मुलीपुढे काय लिहायचे? वर्गात तर ती आपली गप्पच बसलेली असते. जे दिसते तेच लिहिता येते, आणि शाळेला अंघोळ दिसत नाही.

याच आठवड्यात त्याच वर्गात दुसऱ्या एका मोजणीकडे आमचे लक्ष गेले. रोज सकाळी हजेरी होते. दोन नावे आली की वर्ग एका सुरात ओरडतो, “ऊसतोडीला गेला!” दिवाळीनंतर ती दोन मुले आईवडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर गेली आहेत, ती आता गळीत हंगाम संपल्यावरच येतील. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून दर वर्षी किती कुटुंबे अशी जातात ते आपण जाणताच. आपल्या धर्मग्रामातलीही काही घरे नाताळला बंद असतात. फडावर माणसांची मोजणी कोयत्याने होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादमाची उचल कोयत्यामागे, मजुरी टनामागे. सात वर्षांचे मूल यात कुठेच बसत नाही. ते पाचटात खेळते, तान्ह्याला सांभाळते. त्याचे ‘रोजचं’ तिथेही धरले जात नाही.

आम्ही शिक्षिकेला विचारले, ती दोघे येणार नाहीत हे ठाऊक असताना तुम्ही रोज त्यांची नावे का घेता? त्या म्हणाल्या, “परत येतील तेव्हा वर्गाला त्यांचं नाव आठवत असलं पाहिजे.” त्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळावे, फडाजवळच्या शाळेत त्यांना बसता यावे, यासाठीही त्यांनी धडपड केली होती. पण आमच्या मनात राहिली ती हजेरी.

सम्राट औगुस्तने केली तीही मोजणीच. त्या नावनिशीसाठी गरोदर मरियेला घेऊन योसेफ नासरेथहून बेथलेहेमला गेला. सम्राटाला आकडा हवा होता, माणसे नको होती, म्हणून गाव माणसांनी भरले आणि या दोघांना उतरायला जागा मिळाली नाही. त्या यादीत बाळाचे नाव लागले की नाही, लूक सांगत नाही. त्याच्या कितीतरी आधी दावीद राजाने आपल्या लोकांची मोजणी केली तेव्हा त्याचे मन त्याला खाऊ लागले, हे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे. आपले सैन्य किती ते पाहून छाती फुगवण्याची ती मोजणी होती. पण शंभर मेंढरांतले एक हरवले हे मेंढपाळाला कळते तेही मोजल्यामुळेच. न मोजणारा मेंढपाळ नव्व्याण्णवांवर खूश होऊन झोपी गेला असता. तेव्हा मोजणीच वाईट असे आम्ही म्हणणार नाही. कोण कमी आहे हे शोधण्यासाठी बाई हजेरी घेत होत्या, आणि आमच्या फळ्यावर कोणाचे जास्त आहे तेवढे दिसत होते. दोन्हीकडे आकडेच, पण पहिल्या मोजणीत जे मूल समोर नव्हते त्याचे नाव घेतले जात होते, आणि आमच्या मोजणीत जी मुलगी समोर बसली होती ती दिसत नव्हती.

शुक्रवारी बाळ येशूची मूर्ती ठेवायची होती. पेटीत रबर लावलेले गठ्ठे एकावर एक रचलेले. त्यांवर मूर्ती ठेवली तर ती कलंडू लागली. एक मुलगा म्हणाला, “टीचर, बाळाला टोचंल.” शिक्षिका म्हणाल्या, “मग रबर काढा.” वर्गात एकच गोंधळ. “मग आमच्या किती ते कसं कळंल?” त्या काही बोलल्या नाहीत. टेबलावर बसून त्यांनी स्वतः एक एक रबर काढायला सुरुवात केली. थोड्या वेळाने दोन-तीन मुले मदतीला आली, मग सगळीच. गठ्ठे सुटले, काड्या एकमेकांत मिसळल्या, खिडकीच्या आणि दाराच्या रांगेचे गवत एक झाले. ती मुलगीही रबर काढत होती. तिने त्या वेळी पेटीत काही टाकले का, ते आम्ही पाहिले नाही, आणि पाहायचे नाही असे आम्ही ठरवले होते.

संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्यो गावी पहिला देखावा केला, तेव्हा गव्हाणीत गवत होते, शेजारी बैल आणि गाढव होते. त्या गवताविषयी जुन्या चरित्रात असे सांगितले आहे की लोकांनी ते जपून ठेवले आणि ते खाऊन आजारी गुरे बरी झाली. कोणाच्या शेतातले ते गवत, किती पेंढ्या, हे कुठे लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

आता थोडे आपल्या घरचे. मुलांना आम्ही हसलो खरे, पण मंदिरात बसून वर पाहा. पंख्याच्या प्रत्येक पात्यावर कोणाच्या तरी स्मरणार्थ नाव आहे. पंखा फिरू लागला की वाचता येत नाही, एवढेच. बाकांच्या पाठींवर आहे, पाण्याच्या टाकीवर आहे. आणि दर नाताळला याच अंकाच्या मागच्या पानावर देणगीदारांची यादी असते, रकमेच्या क्रमाने, सर्वांत मोठी वर. ती यादी आम्हीच लावतो. दर शनिवारी मंदिर झाडून, फुले बदलून जाणाऱ्या बहिणींचे नाव तीत कधी आले नाही. त्यांचे ते रोजचेच.

या वेळी ती यादी आम्ही छापलेली नाही. खजिनदारांचे म्हणणे आहे की यादी नसली तर देणगी कमी होते, आणि डिसेंबरातच छताची डागडुजी करायची आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पाणी गळते ते डोक्यावर गळते, तत्त्वावर नाही. नावे छापावी पण रकमा छापू नयेत, असे काहींचे मत. काहींना वर्णानुक्रमे यादी हवी आहे. आमच्यातल्या एकाने तर असेही म्हटले की मोठ्या माणसांनाही सुरुवातीला मणी लागतात, यादी पाहून द्यायला शिकलेला माणूस पुढे कधी तरी यादीवाचून देईल. आम्ही त्यांना हसलो नाही. नाताळनंतरच्या पहिल्या बैठकीत हा विषय घेतला जाईल. यादी हवी असणाऱ्यांनी मुद्दाम यावे, त्यांचे म्हणणे ऐकायचे आहे.

सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा आम्हाला दुसरीच्या वर्गात पुन्हा जायचे आहे. गव्हाणी परत आणायची आहे, आणि ‘मग किती टाकू’ असे विचारणाऱ्या मुलीला काही तरी सांगायचे राहिले आहे.